सिनसे म्हणाल्या, "तुमची प्लीहा अशक्त आहे"

कोकमसरबत (शनिवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. सिंगापूरला येऊन अकरा वर्षं झाली, पण चिनी औषधांच्या दुकानात पहिल्यांदा पाऊल टाकलं ते आज सकाळी. दोन-तीन महिने झाले, रात्री झोप नाही. जेवलं की पोट डब्ब, आणि दुपारी तीनला मीटिंगमध्ये डोळे आपोआप मिटतात. नेहमीच्या डॉक्टरांकडे सगळं तपासून झालं. हिमोग्लोबिन १३.२, थायरॉइड व्यवस्थित, साखर व्यवस्थित. शेवटी ऑफिसातल्या चिनी मैत्रिणीने धरून तिच्या सिनसेकडे नेलं. (इथे चिनी वैद्याला सिनसे म्हणतात.)

बाई साठीच्या असाव्यात. टेबलावर सुपारीच्या बटव्याएवढी उशी, त्यावर माझं मनगट. तीन बोटं ठेवली आणि एक अक्षर न बोलता मिनिटभर बसल्या. मग दुसरा हात. मग जीभ बाहेर काढायला लावली आणि कडेला दातांचे ठसे उमटलेत ते आरशात दाखवले. निदान असं: प्लीहेची 'छी' अशक्त, रक्त कमी, आणि हृदयातल्या 'शन'ला रात्री घरी थारा मिळत नाही. उठता उठता विचारलं, "घरी कसला घोर लागलाय का?"

चौदा पुड्या दिल्यात. गरम पाण्यात विरघळवायच्या. चव गूळ घातलेल्या काढ्यासारखी, वाईट नाही. वर तंबी: बर्फाचं पाणी बंद.

प्रश्न औषध घ्यावं की नाही हा नाही. मला कळत नाहीये ते हे की हिमोग्लोबिन १३.२ असताना रक्त कमी कसं? गेल्या वर्षीच्या सोनोग्राफीत प्लीहा ठणठणीत होती. आणि झोपेचा प्लीहेशी संबंध काय? कुणाला या विषयातलं कळत असेल तर सविस्तर लिहा.

चाळ_नंबर_तीन (रात्री ९:५५)

ताई, बर्फाचं पाणी बंद करायला सिनसे कशाला? माझी आजी फुकट सांगायची. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

स्लाइडवाला (रात्री १०:२०)

मी पॅथॉलॉजिस्ट. प्लीहा हा माझ्या बादलीत येणारा, दीडेकशे ग्रॅमचा जांभळा अवयव आहे. जुन्या लाल पेशी मोडीत काढतो, प्रतिकारशक्तीच्या कामात हातभार लावतो. अपघातात फुटला तर काढून टाकतात आणि माणूस जेवतो, पचवतो, झोपतोही. तेव्हा 'प्लीहा अशक्त म्हणून पोट डब्ब' हे वाक्य माझ्या टेबलावर टिकत नाही. पुड्यांवर घटक छापले असतील तर इथे टाका.

पाटीपेन्सिल (रात्री ११:३५)

स्लाइडवाले साहेब, तुमच्या टेबलावर ते टिकणारच नाही, कारण तो तुमच्या टेबलावरचा अवयवच नाही. गोंधळ भाषांतराचा आहे आणि माझी रोजी-रोटी भाषांतरावर चालते, म्हणून जरा पसरून लिहिते. तैपेईत चार वर्षं चिनी शिकले. वैद्य नाही. जुने ग्रंथ शिक्षकांसोबत अडखळत वाचलेत, एवढंच भांडवल.

आपल्याकडे मटणाच्या दुकानात "पाव किलो काळीज द्या" म्हटलं तर यकृत मिळतं. पण "काळजाचा ठोका चुकला" यातलं काळीज ठोके देतं, म्हणजे ते हृदय झालं. "हे करायला काळीज लागतं" यातलं काळीज हृदयही नाही, यकृतही नाही, ती हिंमत आहे. आपण तिन्ही एकाच दिवसात वापरतो आणि कुणी सोनोग्राफी काढत नाही. चिनीत लाडक्या माणसाला 'शिन्‌गान' म्हणतात, शब्दशः हृदय-यकृत. आपला काळजाचा तुकडाच! धीट माणसाचं 'दान' मोठं असतं, दान म्हणजे पित्ताशय. स्वभावाला 'पीछी' म्हणतात, आणि त्यातला 'पी' म्हणजेच कोकमताईंची प्लीहा.

चिनी वैद्यकातले अवयव म्हणजे खाती आहेत. हे माझं म्हणणं नव्हे. पिवळ्या सम्राटाच्या नावाने चालणारा जो मूळ ग्रंथ आहे, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा, त्याच्या 'सू-वन' या भागातला आठवा अध्याय म्हणजे सरळ दरबाराची यादी आहे. हृदय राजा, त्याच्यापासून बोध उपजतो. फुप्फुस प्रधान, नियमन त्याच्याकडे. यकृत सेनापती, डावपेच त्याचे. पित्ताशय न्यायाधीश, निर्णय त्याचा. प्लीहा आणि जठर कोठाराचे अधिकारी, पाच चवी त्यांच्याकडून निघतात. मोठं आतडं वाहतूक बघतं. मूत्राशय पाणी साठवणारा प्रांत. हृदयाच्या वेष्टनाकडे राजदूताचं काम, आणि आनंद तिथून निघतो असं लिहिलंय, हे मला फार आवडतं. आणि एक आहे 'सान्‌जियाओ', म्हणजे तीन शेगड्या. तिच्याकडे पाटबंधारे.

ही सान्‌जियाओ शरीरात कुठे आहे? कुठेच नाही. 'नान-चिंग' नावाचा नंतरचा ग्रंथ, ज्यात ८१ अवघड प्रश्न सोडवलेत, तो सरळ सांगतो: तिला नाव आहे, रूप नाही. अवयवांच्या यादीत बिनरूपाचा अवयव बसतो तेव्हाच ओळखावं की ही यादी कसायाच्या ठोकळ्यावरून केलेली नाही.

चाळ_नंबर_तीन (रात्री ११:४२)

पाटबंधारे खात्याला नाव आहे, रूप नाही. आमच्या तालुक्याचं दोन हजार वर्षांपूर्वी कुणाला कसं कळलं?

पाटीपेन्सिल (रविवार, मध्यरात्री १२:३०)

आता कोकमताईंचे 'छी', 'रक्त' आणि 'शन'.

छी या शब्दाचं जुन्या लिपीतलं रूप बघा: वर वाफ, खाली तांदूळ. भात शिजताना झाकण हलतं ती वाफ. इंग्रजीत याचं 'एनर्जी' करतात आणि मग लोक ती मीटरने मोजायला निघतात. मराठीत 'प्राण' म्हणावंसं वाटतं, पण प्राण फार उंचावरचा शब्द आहे. मला 'जीव' जवळचा वाटतो. "आवाजात जीव नाही", "या धोतरात आता जीव राहिला नाही", "दोरीत जीव आहे अजून" असं आपण म्हणतो ना, तो जीव. छी कमी म्हणजे अंगात जीव नाही. छीची पाच कामं सांगतात: ढकलणं, ऊब देणं, राखण करणं, जागच्या जागी धरून ठेवणं, आणि एकाचं दुसरं करणं. अर्थात रोजच्या बोलीत "छी उत्पन्न झाली" म्हणजे राग आला, तेव्हा 'जीव'सुद्धा सगळीकडे पुरत नाही.

अन्न जठरात उतरलं की त्यातलं सत्त्व प्लीहा उचलते आणि वर फुप्फुसाकडे पाठवते. तिथे ते हवेला भेटतं. त्यातून एक छी होते ती नाड्यांच्या आत रक्ताबरोबर फिरून पोसते, दुसरी नाड्यांच्या बाहेर कातडीखाली पहारा देते, रंध्रं उघडते-मिटते. रक्तही या अन्नाच्या सत्त्वातूनच, हृदयाशी येऊन लाल होतं. म्हणजे कोठार बिघडलं की छीही कमी, रक्तही कमी. प्लीहेची पाठवणी वरच्या दिशेची; ती जमली नाही की माल खालीच साचतो, पोट डब्ब. आणि तिला ओल सोसत नाही. सिंगापूरच्या हवेत ही बाब गंभीर!

'रक्त' म्हणजे काचेच्या नळीत भरतात ते तर आहेच, पण त्याचं एक काम नळीत दिसत नाही: ते शनचं अंथरूण आहे. शन म्हणजे भान, जाणीव, डोळ्यांतली चमक. दिवसा ते डोळ्यांतून बाहेर बघतं, रात्री हृदयातल्या रक्तात येऊन निजतं. रक्त पातळ झालं की अंथरूण अपुरं, मग ते घरभर हिंडतं, आणि ताई छताकडे बघत पडतात. हिमोग्लोबिन १३.२ खरं, आणि सिनसेंचं 'रक्त कमी'ही त्यांच्या हिशेबात खरं. दोघांनी एकच शब्द वापरलाय, मोजलेली गोष्ट वेगळी.

आणि घोर का विचारला? पाच अवयवांना पाच भावना वाटून दिल्यात. यकृताला राग, हृदयाला हर्ष, फुप्फुसाला शोक, मूत्रपिंडाला भीती. प्लीहेच्या वाट्याला आलंय तेच ते घोळवत बसणं, आपण म्हणतो ना रवंथ. अति विचार प्लीहेला गाठ मारतो. पुडीवर बहुतेक 'ग्वेइ-पी-थांग' लिहिलेलं असेल. त्याचा अर्थच प्लीहेला माघारी आणणारा काढा.

झोप येतेय. बाकीची द्रव्यं उद्या.

कोकमसरबत (सकाळी ८:०५)

तेच लिहिलंय! ग्वेइ-पी-थांग. मैत्रिणीला फोटो पाठवून वाचून घेतलं. तुम्ही न बघता ओळखलंत?

पाटीपेन्सिल (सकाळी ८:३०)

झोप उडालेली, पोट बिघडलेलं, अति विचार करणारी व्यक्ती. या वर्णनाला तो काढा पाठ्यपुस्तकात इतक्या सर्रास देतात की त्यात माझी हुशारी शून्य.

वैद्यबुवा_नाशिक (सकाळी ९:१५)

उत्तम चर्चा. मी बीएएमएस, पंचवीस वर्षं प्रॅक्टिस. पाटीपेन्सिल ताईंनी छी म्हणजे वात, चिंग (मूत्रपिंडात राहणारं त्यांचं मूळ सत्त्व) म्हणजे शुक्र, असं सोपं समीकरण मांडलं नाही याबद्दल आभार. आमच्याच क्षेत्रातले लोक व्याख्यानांत हे बिनदिक्कत करतात.

साम्य जिथे आहे तिथे मात्र दचकायला होतं. चरक त्यांच्या संहितेच्या विमानस्थान या भागात रक्तवह स्रोतसांचं, म्हणजे रक्त वाहणाऱ्या मार्गांचं, मूळ यकृत आणि प्लीहा सांगतात. चिनी मतात यकृत रक्त साठवतं, प्लीहा ते नाडीबाहेर सांडू देत नाही. जवळजवळ शेजारी. पण वृक्क, म्हणजे मूत्रपिंड, घ्या. चरकांकडे वृक्क हे मेदोवह स्रोतसाचं मूळ. चिनी मूत्रपिंड मेदाशी बोलतसुद्धा नाही, तिथे वीर्य, हाडं, मज्जा, कान आणि म्हातारपण. शेजारची दोन घरं, एकाच्या स्वयंपाकघरात दुसऱ्याचं देवघर.

आणि नाडी. आम्हीही तीन बोटंच ठेवतो, पण बोटांखाली वात, पित्त, कफ. ते दोन्ही मनगटांवर तीन-तीन जागा धरून अवयव वाचतात: डावीकडे हृदय, यकृत, मूत्रपिंड; उजवीकडे फुप्फुस, प्लीहा आणि पुन्हा मूत्रपिंड. एक कबुलीही देतो. नाडीपरीक्षा चरकात नाही, ती शार्ङ्गधरसंहितेत येते, म्हणजे बरीच नंतर. चिनी लोकांचा स्वतंत्र नाडीग्रंथ तिसऱ्या शतकातला आहे. यावरून कुणी कुणाचं घेतलं याचा आखाडा या धाग्यावर भरवू नये ही विनंती.

स्लाइडवाला (सकाळी १०:००)

बुवा, आखाडा मीच भरवतो, वेगळ्या कारणाने. 'आमचा अवयव म्हणजे खातं' हा बचाव फार सोयीचा आहे. कुणी प्रेत उघडून बघितलं की म्हणायचं, आम्ही मांसाबद्दल बोलतच नव्हतो. मग नान-चिंगमध्ये यकृताला डावीकडे तीन आणि उजवीकडे चार पाळ्या आहेत असं मोजून कशाला लिहिलं? अवयवांची वजनं कशाला दिली?

पाटीपेन्सिल (सकाळी १०:५०)

हा वार बसला. मान्य. जुन्या लोकांना मांसाबद्दलही बोलायचं होतंच, आणि तिथे ते चुकले. खाती हे निव्वळ रूपक होतं हा आजच्या लोकांचा थोडा लाडाचा अर्थ आहे. मीही काल रात्री जरा त्याच लाडात लिहिलं.

चुकले हे चिनी वैद्यांनीच सांगितलं. वांग छिंगरन नावाचा वैद्य १७९७ मध्ये एका गावाहून जात होता. तिथे साथीत मुलं पटापट मरत होती आणि गरीब लोक प्रेतं नीट न पुरता टाकून देत. कुत्र्यांनी उकरलेली ती प्रेतं हा माणूस रोज सकाळी जाऊन बघायचा, आणि जुन्या चित्रांशी ताडायचा. जुळेना. पुढची तीसेक वर्षं त्याने यात घालवली आणि १८३० मध्ये जुन्या वैद्यकाच्या चुका दुरुस्त करणारं पुस्तक काढलं. स्मरण हृदयात नाही, मेंदूत आहे, असं त्याने ठणकावलं. गंमत म्हणजे रोहिण्यांमध्ये हवा असते असंही तोच म्हणाला, कारण प्रेतात त्या रिकाम्या दिसल्या. साचलेलं रक्त हलवण्याचे त्याचे काढे मात्र आजही चिनी दवाखान्यांत रोज लिहून दिले जातात.

आणि नावं चिकटली कशी, हे जपानातलं. १७७१ मध्ये सुगिता गेनपाकू हा वैद्य मित्रांबरोबर एदोला, म्हणजे आजच्या तोक्योत, देहदंड झालेल्या बाईचं विच्छेदन बघायला गेला. हातात डच शरीररचनेचं पुस्तक. डच चित्र तंतोतंत जुळलं, चिनी पाळ्यांचा पत्ता नाही. त्याने ते पुस्तक भाषांतरित करून १७७४ ला छापलं. आता भाषांतरकाराची अडचण बघा, माझा तर जीव कासावीस होतो. डच 'प्लीहा' दिसला की हाताशी चिनी 'पी' होताच, चिकटवला. स्वादुपिंडाला चिनी वैद्यकात स्वतंत्र जागाच नव्हती, त्याच्यासाठी जपानी वैद्यांनी पुढे नवीन अक्षर घडवलं. म्हणजे जो अवयव खरोखर पचन करतो त्याला जुन्या घरात खोली नाही, आणि पचनाचं खातं नावापुरतं प्लीहेच्या गळ्यात! आणि नसेला शब्द नव्हता तेव्हा गेनपाकूने 'शिन्केइ' बनवला: शन अधिक नाडीमार्ग. कोकमताईंच्या झोपेतून उठून हिंडणारं शन आज चीनमध्येसुद्धा न्यूरॉलॉजीच्या पाटीवर आहे.

स्लाइडवाला (सकाळी ११:१०)

हे माहीत नव्हतं. वांग छिंगरन आवडला. पोस्टमॉर्टेमच्या रिकाम्या रोहिण्या बघून फसणारा तो पहिला नव्हे, जुने ग्रीकही तिथेच फसले.

सोलापुरी_चादर (दुपारी १२:३०)

मध्येच घुसतो. चिनी वैद्यक आणि आपलं नातं म्हणजे आमचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ मध्ये ते चीनला गेले आणि तिथून अॅक्युपंक्चर भारतात आलं, असं शाळेत ऐकलंय. बरोबर ना?

पाटीपेन्सिल (दुपारी १:१५)

पहिला भाग बरोबर, दुसरा नाही. कोटणीस शल्यविशारद होते, युद्धात जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि डिसेंबर १९४२ मध्ये तिथेच वारले, वय अवघं ३२. परत आलेच नाहीत. त्यांच्याबरोबर भारतातून गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातले डॉ. विजयकुमार बसू १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, सुया शिकले आणि कलकत्त्यात सुरू केलं. महाराष्ट्राने मात्र २०१५ मध्ये अॅक्युपंक्चरचा स्वतंत्र कायदा केला.

कोटणीसांनी जो चीन बघितला तिथे 'पारंपरिक चिनी वैद्यक' नावाची आजची नीटस चौकटही नव्हती. १९२९ मध्ये तर हे वैद्यकच बंद करायचा प्रस्ताव आला होता, वैद्यांनी एकत्र येऊन तो हाणून पाडला. पाच द्रव्यं, पाच साठवणारे अवयव, सहा पोकळ अवयव असं कोष्टकात बसवून शिकवणं हे मुख्यतः १९५६ नंतर सरकारी महाविद्यालयं निघाली तेव्हाचं काम. जुने ग्रंथ इतके शिस्तीत नाहीत, एकमेकांशी भांडतात.

चाळ_नंबर_तीन (दुपारी १:४०)

व्हॉट्सअॅपवर येतं ते, रात्री १ ते ३ यकृत विषारी द्रव्यं बाहेर टाकतं, तेव्हा जागू नका. ते याच्यातलंच का? मी रोज जागतो, विष तुंबलं असेल.

पाटीपेन्सिल (दुपारी २:०५)

दोन-दोन तासांच्या बारा प्रहरांत छी बारा नाड्यामार्गांतून फिरते, पहाटे ३ ला फुप्फुसापासून सुरुवात, १ ते ३ यकृत, एवढं जुनं आहे. 'विषारी द्रव्यं' नंतर कुणीतरी फोडणी घातली. शिवाय हे प्रहर सूर्याचे. आज अख्ख्या चीनचं घड्याळ एक, त्यामुळे पश्चिमेच्या काशगरमध्ये सूर्य घड्याळाच्या जवळजवळ तीन तास मागे. तिथलं यकृत कोणत्या वेळेला कामावर येतं ते विचारून बघा.

राहिलेली द्रव्यं. 'चिन्-ये' म्हणजे अंगातलं पाणी. पातळ ते घाम, अश्रू. दाट ते सांध्यांचं वंगण. हे नीट हललं नाही की साचून 'थान' होतो, म्हणजे कफ, पण डोक्यात धुकं आणणाराही. आणि 'चिंग'. हे मला सगळ्यांत हृद्य वाटतं. आईबापांकडून मिळालेली पुंजी, मूत्रपिंडात ठेव म्हणून राहते. खाण्यापिण्यातून थोडी भर पडते, पण मुद्दल वाढत नाही. सू-वनच्या पहिल्याच अध्यायात तिचा हिशेब आहे: बायकांचा सातच्या पटीत, पुरुषांचा आठच्या. चौदाव्या वर्षी पाळी, एकोणपन्नासाव्याला बंद. पुरुषांचं सोळाव्याला सुरू, चौसष्टाव्याला दात आणि केस गेले. चीनमध्ये भिंतींवर 'मूत्रपिंड दुर्बल?' अशा जाहिराती असतात, त्यांचा डायलिसिसशी संबंध नाही. आपल्याकडे रेल्वे रुळांकडेच्या भिंतींवर काय असतं ते आठवा.

स्लाइडवाला (दुपारी ३:२०)

भाषांतर समजलं, आता माझा मुद्दा. शब्द कुठल्याही हिशेबातले असोत, पुडी खऱ्या मूत्रपिंडात जाते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या गोळ्यांतून 'फांगची' नावाच्या मुळीऐवजी तिच्याच नावाची जुळी बहीण, ईश्वरी कुळातली, गेली. शंभरच्या आसपास बायकांची मूत्रपिंडं निकामी झाली, पुढे काहींना मूत्रमार्गाचे कर्करोग. चिनी नावात एका अक्षराचा फरक. दुसऱ्या बाजूने, दवणा-कुळातल्या छिंगहाव या वनस्पतीवरून चिनी शास्त्रज्ञ तू योयो यांनी मलेरियाचं औषध शोधलं, २०१५ चं नोबेल मिळालं, तेही चौथ्या शतकातल्या ग्रंथातली 'पाण्यात भिजवून पिळून घ्या' ही ओळ वाचून. मुळी खरी, पण ती तपासली म्हणून. ताई, घटक टाका हो.

कोकमसरबत (संध्याकाळी ६:४५)

मैत्रिणीकडून वाचून घेतले: जिनसेंग, ह्वांगछी, पाय-चू, फूलिंग, लाँगानचा सुका गर, लाल खारकेसारखी बोरं, आलं, आणखी तीन-चार, आणि कान-चाव. लाँगान इथे फळांच्या दुकानात मिळतं, लिचीचं धाकटं भावंड. कान-चाव म्हणजे?

वैद्यबुवा_नाशिक (संध्याकाळी ७:००)

ज्येष्ठमध. गोडवा त्याचाच. रक्तदाब आहे का तुम्हाला?

कोकमसरबत (संध्याकाळी ७:०४)

मला नाही. पण नवऱ्याला आहे, गोळी चालू आहे. आणि कालपासून तो चव छान म्हणून माझ्यातलीच अर्धी-अर्धी पुडी पितोय.

स्लाइडवाला (संध्याकाळी ७:०६)

आत्ता थांबवा. ज्येष्ठमधाने अंगात मीठ-पाणी साठतं आणि पोटॅशियम उतरतं. दोन अर्ध्या पुड्यांनी काही होणार नाही, पण रक्तदाब बघा, आणि त्यांची गोळी लघवीची असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला. तुम्हीही सिनसेंना चालू औषधं सगळी सांगा.

कोकमसरबत (रात्री ८:१५)

मोजला. १४६/९२. गेल्या महिन्यात १३८ होता. आज दुपारी दोन वडापावही झालेत, त्यामुळे दोष कुणाचा ते सांगता येत नाही. डॉक्टरांची उद्या अकराची वेळ घेतली. उरलेल्या पुड्या माझ्या ऑफिसच्या खणात. तो म्हणतोय, "मग माझी प्लीहा कुणी बघायची?"